मामांचा स्टॅबिलायझर

माझ्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या सख्ख्या मामांनी, आयुष्यात कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय खरी मानलेली नाही, आणि त्यात सूर्योदयही आला. सुट्टीला आमच्याकडे अबुधाबीच्या अल रीम आयलंडवर मुक्कामाला असले की पहाटे बाल्कनीत उभे राहून ते आधी मोबाइलवरची सूर्योदयाची वेळ बघत, मग मनगटावरचं घड्याळ, आणि मग समोरच्या टॉवरमागून वर येणाऱ्या सूर्याकडे बघून म्हणत, "दोन मिनिटं लेट." चूक मोबाइलची नाही, घड्याळाची तर नाहीच नाही. सूर्याची. मामांचा धंदाच तो. बत्तीस वर्षं ते अबुधाबीत कॅलिब्रेशनचं काम करत होते. प्रेशर, तापमान, वजन दाखवणारे जेवढे म्हणून काटे असतात ते खरं बोलतात की खोटं हे बघायचं, आणि खरं बोलणाऱ्याच्या अंगावर एक छोटं हिरवं स्टिकर चिकटवायचं. स्टिकरवर तीन ओळी: तपासणी कधी झाली, कोणी केली, पुढची तपासणी कधी. मामांचा जीव या तिसऱ्या ओळीवर. "जावईबापू, एकदा बरोबर म्हणजे कायमचं बरोबर, असं या जगात काही नसतं," असं ते मला पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी मुंडावळ्या बांधून पाटावर बसलो होतो. आता बोला!

मामी गावी, कराडजवळ, घर आणि उसाचं शेत सांभाळत. मामा इथे जुन्या भागातल्या एका खोलीत एकटे. त्यामुळे त्यांचा सगळा जिव्हाळा आमच्या घरातल्या वस्तूंच्या वाट्याला आला. आमच्या कुकरवर हिरवं स्टिकर आहे, ओव्हनवर आहे, बाथरूममधल्या वजनकाट्यावर आहे. (तो तपासल्यावर माझं वजन दीड किलोने वाढलं, आणि बायको मामांवर जाम खूश झाली.) मुलीची शाळेची पट्टी त्यांनी अर्ध्या मिलिमीटरसाठी नापास केली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मामाआजोबा इज सो वीअर्ड. बट आय लाइक हिम." खिशात एक स्प्रिंगचा काटा कायम असायचा. सुपरमार्केटमध्ये द्राक्षं तोलून झाली की मामा तो बाहेर काढून पुन्हा तोलत, आणि मी लांब जाऊन शाम्पूच्या बाटल्यांवरचा मजकूर वाचत असे. एकदा तर मॅनेजर बाई तणतणत आल्या. मी म्हटलं, खलास, आज बंदी येणार. अर्ध्या तासाने बघतो तर मामा भाजीच्या विभागातले चारही काटे तपासत होते आणि बाई त्यांना लिंबू-पुदिन्याचं सरबत पाजत होत्या.

अशा माणसाच्या हातात शिकारीचं धनुष्य यावं हा विनोद मी केलेला नाही, नियतीने केला आहे. मामा कट्टर शाकाहारी. झुरळसुद्धा मारत नाहीत. आमच्याकडे सापडलेलं एक झुरळ ते सुपलीत घेऊन लिफ्टने एकवीस मजले खाली सोडायला गेले होते, आणि लिफ्टमधल्या लेबनीज बाईला त्यांनी "गोइंग डाउन, मॅडम" असं सांगून सुपली दाखवलीही होती. तर यांचा स्कॉटिश साहेब कायमचा मायदेशी जायला निघाला तेव्हा त्याने आपलं आवडतं धनुष्य मामांना भेट दिलं. रामायणातल्या चित्रासारखं नव्हे. दोन्ही टोकांना चाकं, मधे तारा, रंग पालापाचोळ्याचा. साहेब त्याने हरणं मारत असे. दुसऱ्या कोणी ते गोड बोलून नाकारलं असतं. मामा म्हणाले, "साहेबांनी मनापासून दिलंय. नाही कसं म्हणायचं?" इथे शिकारीला बंदी, घरी धनुष्य ठेवायला बंदी, त्यामुळे ते शहराबाहेरच्या एका आर्चरी क्लबच्या कपाटात मामांच्या नावाने राहू लागलं. खंडेनवमीला मामा हळद-कुंकू घेऊन तिथे गेले, आणि क्लबातलं छोटं दुकान सांभाळणाऱ्या मल्याळी कोचने आपणहून नारळ फोडला.

त्या क्लबात वाळूवर फोमची जनावरं उभी केलेली आहेत: एक अस्वल, एक रानडुक्कर, एक हरीण. लोक त्यांच्यावर नेम धरतात. मामा नाही. ते आपले कागदाच्या गोल निशाण्यावर बाण मारत, आणि तेही आधी अंतर स्वतःच्या टेपने मोजून. एकदा वाऱ्याने बाण भरकटला आणि हरणाच्या पुठ्ठ्यात घुसला. मामा धावत गेले, बाण काढला, आणि फोमवर हात फिरवत म्हणाले, "सॉरी रे बाळा." हे मी स्वतः ऐकलं आहे.

मी तिथे कसा पोचलो ते सांगायचं तर जरा अवघड गोष्ट सांगावी लागेल. एका जानेवारीत, दुबईहून अबुधाबीला परत येताना, पहाटेच्या धुक्यात माझ्या पुढच्या आणि मागच्या कितीतरी गाड्या एकमेकींवर आदळल्या. माझी गाडी दोन्हीकडून चेपली. मला मात्र खरचटलंसुद्धा नाही. सगळे म्हणाले, देवाची कृपा. मीही म्हणालो. आणि चार दिवसांनी चहाचा कप उचलला तर तो बशीवर वाजायला लागला. दोन्ही हात थरथरत होते, डावा जास्त. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या चांगल्या आल्या. "मनाचा धक्का आहे, जाईल," म्हणाले. तो गेला नाही. स्टीअरिंगला हात लावला की घाम फुटायचा. माझं काम साइटवरचं. आज खोर फक्कान, उद्या आणखी कुठे. गाडी चालवत नाही तो साइट इंजिनिअर काय कामाचा? आमच्या मॅनेजरने फार गोड आवाजात सांगितलं की सध्या डेस्कवर बसा, वर्षभराने बघू. या "बघू"चा अर्थ आखातात सगळ्यांना कळतो. नोकरी गेली की व्हिसा गेला. वर्षभरात हात थांबले नाहीत तर बिऱ्हाड आवरून पुण्याला परत, असं बायकोचं आणि माझं मुलगी झोपल्यावर ठरलं होतं. तिने या घरासाठी काय काय केलं होतं ते मला माहीत होतं, म्हणून मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

आणि लोक इतके चांगले वागत होते की जीव नकोसा झाला. बायको कप अर्धाच भरायची. ऑफिसात कोणीतरी पटकन फाइल धरायचं. कोणीही माझ्या हाताकडे बघायचं नाही. मामा आले, समोर बसले, आणि कप वाजल्याबरोबर चष्मा पुसून सरळ हाताकडेच बघायला लागले. मग मोबाइलवर थरथर मोजणारं कसलंसं ॲप काढलं आणि मोबाइल माझ्या तळहातावर ठेवला. पडद्यावर डोंगरच डोंगर. "बरंच आहे की हो," मामा खूश होऊन म्हणाले. "मामा!" बायको ओरडली. तर म्हणतात, "अगं, आज किती आहे ते लिहून नको ठेवायला? मग कमी झालं ते कळणार कसं?"

त्यांनी ते लिहून ठेवलं. आणि मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, मला तुमची गरज आहे. धनुष्याला स्टॅबिलायझर निवडायचाय." मला वाटलं, फ्रिजला लावतात तो. मामांनी हातवारे करून समजावलं: मुठीच्या खाली, पुढच्या बाजूला स्क्रूने बसवायचा वीतभर दांडा, टोकाला वजन. त्याने नेम धरताना धनुष्य डुलत नाही, आणि बाण सुटल्यावर बसणारा हिसका तो दांडा खाऊन टाकतो. फार हलका घेतला तर उपयोग नाही, फार जड घेतला तर हात भरून येतो. फार लांब घेतला तर झुडपात अडकतो. "मामा, इथे झुडूप कुठाय?" मी विचारलं. "शिकारी धनुष्य आहे, झुडपाचा विचार करायलाच पाहिजे," ते म्हणाले. "पण अडचण अशी आहे की माझा हात हलत नाही. लावला काय, न लावला काय, मला फरकच दिसत नाही. तपासायला हलणारा हात पाहिजे. तुमच्यासारखा टेस्ट पीस मला अख्ख्या अमिरातीत मिळणार नाही."

मी रागाने लाल झालो. खरंच झालो. आणि मग काय झालं कोणास ठाऊक, मला हसू फुटलं. महिनाभरात पहिल्यांदा. बायको स्वयंपाकघरातून पळत आली, तिला वाटलं मला काहीतरी झालं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मामांची खडखडती गाडी खाली उभी. मी शेजारच्या सीटवर डोळे मिटून. क्लबात गेलं की कोचकडून मामा एक नवा दांडा मागून आणत, सहा इंची, आठ इंची, दहा इंची, कार्बनचा, ॲल्युमिनियमचा, टोकाला रबर असलेला, नसलेला. प्रत्येकाबरोबर माझे तीस बाण. प्रत्येक बाणाला डाव्या दंडावर तो ॲपवाला मोबाइल बांधलेला. वहीत आकडे. दुकानातले दांडे संपले तेव्हा मामा घरगुती साहित्याकडे वळले. एका रविवारी बायकोने फोन केला, "माझं लाटणं कुठाय?" मी म्हटलं, "ते शिकारीला आलंय." खोटं नव्हतं, सुतळीने धनुष्याला बांधलेलं होतं. पुढच्या आठवड्यात खलबत्त्यातला बत्ता गेला. बत्त्याने नेम उत्तम लागतो, पण वीस बाणांनंतर खांदा तुटतो, असा निष्कर्ष वहीत आजही आहे. शेजारच्या लेनमधला एक तरुण अमिराती दर रविवारी नव्या कुतूहलाने बघायचा. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "हबीबी, धिस इज इंडियन सिस्टिम?" मामा म्हणाले, "अंडर टेस्टिंग."

याच सुमारास सासूबाई आल्या, लेकीच्या मदतीला म्हणून. मामा त्यांचे धाकटे भाऊ. निघायच्या आधी त्यांनी फोनवर विचारलं, काय आणू? बायको कंटाळून म्हणाली, "मामाला काही नकोय, त्याला फक्त स्टॅबिलायझर पाहिजे. सहा महिने झाले, मिळत नाहीये." झालं! साताऱ्यातून सासूबाई चकल्या, कडबोळी, मेतकूट आणि सोलापुरी चादरीत बांधलेला सहा किलोचा, काटा असलेला, निळा पत्र्याचा, फ्रिजचा स्टॅबिलायझर घेऊन विमानातून उतरल्या. विमानतळावर बॅग उघडायला लावली. हे काय आहे, कस्टमच्या साहेबाने विचारलं. सासूबाईंनी हिंदीत खणखणीत उत्तर दिलं, "भाई के तीर-कमान को लगता है." तो साहेब बराच वेळ सासूबाईंकडे आणि बराच वेळ त्या डब्याकडे बघत राहिला, आणि त्याने हाताने "जा" म्हटलं.

आम्ही पोट धरधरून हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी डब्याची चादर सोडली, काटा बघितला, प्लग लावून व्होल्टेज तपासलं, आणि बहिणीला म्हणाले, "अक्का, एक नंबर आहे." इथे अमिरातीत व्होल्टेज तसूभर हलत नाही, वीज कधी जात नाही, स्टॅबिलायझर कोणाच्या घरात नाही. मामांनी त्यावर हिरवं स्टिकर लावलं आणि तो आमच्या फ्रिजला जोडून दिला. सासूबाई तीन महिने रोज सकाळी त्या काट्याकडे समाधानाने बघत चहा प्यायल्या.

मी चिडायचो, हे कबूल करतो. दहा महिने झाले, बारा झाले. माणूस एक दांडा निवडू शकत नाही म्हणजे काय? "मामा, आठ इंची चांगला आहे, घेऊन टाका, आटपा, यल्ला!" तर म्हणत, "चांगला वाटतोय. पण मागच्या आठवड्यात वारा होता." कधी उन्हाळा होता, कधी माझी झोप झाली नव्हती, कधी वही घरी राहिली. मधेच एकदा म्हणाले, गुडघा दुखतोय, गाडी जरा गेटपर्यंत तुम्ही न्या. मोकळं वाळूचं पार्किंग, दोनशे मीटर. नेली. पुढच्या रविवारी गुडघा पेट्रोल पंपापर्यंत दुखला, कारण तिथे कडक चहा मिळतो. मग तो दर आठवड्याला थोडा थोडा जास्त दुखू लागला, आणि एक दिवस गुडघा घरापर्यंत दुखला. मी आमच्या बेसमेंटमध्ये गाडी लावली, किल्ली काढली, आणि तेव्हा लक्षात आलं की मी शहरातून गाडी चालवत आलो आहे. मामा वहीत काहीतरी लिहीत होते. फक्त दुबईचा रस्ता तेवढा राहिला होता. त्या रस्त्याचं नाव निघालं की अजून कप वाजायचा, आणि मॅनेजरचं वर्ष तर उलटून गेलं होतं. साइटवर परत येणार की नाही ते महिनाअखेरपर्यंत सांगा, असा ईमेल आला होता.

त्याच महिन्यात मामा रिटायर झाले. बत्तीस वर्षं दोन बॅगांत बसली. धनुष्य त्यांनी माझ्या नावावर केलं. मी म्हटलं, निदान जाताना यांना त्यांचा तो दांडा घेऊन देऊ. जायच्या आदल्या दिवशी क्लबात गेलो आणि कोचला म्हणालो, आठ इंची द्या, मामांना भेट द्यायचाय. कोच माझ्याकडे बघतच राहिला. "साब, वो तो अंकल ले गया. आठ इंची. पहले ही हफ्ते में." मग कसनुसा हसला. "बोला था आपको नहीं बताने का. हर संडे मेरे से झूठमूठ नया मांगता था. मैं भी देता था."

मी फोमच्या हरणाशेजारी जाऊन बराच वेळ बसलो. चौदा महिने. साठी ओलांडलेला माणूस, आठवड्यातली एक सुट्टी, एप्रिल-मेचं ऊन, आणि मी त्याला म्हणत होतो यल्ला. मला रडू आलं, आणि मी रडलो.

मामांचं विमान दुबईहून होतं. अबुधाबीचा विमानतळ आमच्या घरापासून जवळ, तिथून मुंबईची विमानं सुटतात, आणि या गृहस्थाने तिकीट काढलं दुबईचं. का, तर म्हणे दुबईच्या विमानात व्हेज जेवण गरम असतं. आणि सकाळी निघताना टॅक्सीत बसायला साफ नकार. "टॅक्सीचे मीटर मी तपासलेले नाहीत." बायको दारात उभी होती. मी दुरुस्त होऊन आलेल्या माझ्या गाडीची किल्ली घेतली.

शहर संपलं आणि धुकं लागलं. अगदी तसंच. माझे हात सुरू झाले. मामा समोर बघत बसले होते, मोबाइलवरचा वेग आणि गाडीचा काटा ताडून बघत. "तुमचा काटा तीनने जास्त दाखवतो," ते म्हणाले. मग तितक्याच सहज म्हणाले, "नेम धरताना घेता तसा श्वास घ्या. लांबचं दिसत नाही तर राहू दे. जवळचं बघा." मी पुढच्या गाडीचे लाल दिवे बघितले. अंतर ठेवलं. श्वास घेतला, सोडला. ती अपघाताची जागा कधी मागे गेली ते मला कळलं नाही. मामांना कळलं असावं, कारण त्यांनी डबा उघडून एक कडबोळं माझ्या हातात दिलं. मी ते एका हाताने खाल्लं.

विमानतळावर गाडीशेजारीच ते स्प्रिंगच्या काट्याने बॅगा तोलत होते तेव्हा मी म्हटलं, "मामा, पहिल्याच आठवड्यात घेतला होतात ना?"

"तो कोच फार बडबड्या आहे," मामा म्हणाले.

"मग चौदा महिने काय चाललं होतं?"

"दुसऱ्या माणसाच्या रीडिंगशिवाय निवड पक्की होत नाही. तुमचं रीडिंग यायला चौदा महिने लागले, त्याला मी काय करू?" मी वाकून नमस्कार केला. थँक्यू म्हणायला तोंड उघडलं तर म्हणतात, "दोन बॅगांत चारशे ग्रॅमचा फरक आहे, धरा जरा." खिशातून त्यांनी तो दांडा काढून माझ्या हातात दिला, एक हिरवं स्टिकर लिहिलं, गाडीत वाकून स्टीअरिंगवर चिकटवलं, आणि ट्रॉली ढकलत निघून गेले. स्टिकरवर त्यांची सही होती, तारीख होती, आणि तिसऱ्या ओळीत, पुढील तपासणी: गरज नाही. बत्तीस वर्षांत त्यांनी हे एकाही काट्यावर लिहिलं नव्हतं. परत येताना मी एकटाच होतो, आणि घरी पोचल्यावर आधी मॅनेजरच्या ईमेलला उत्तर दिलं.

याला वर्ष झालं. मी साइट्सवर फिरतो. उन्हाने स्टिकरची शाई उडत चालली आहे. मामा दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात, कराडचा सूर्य किती लेट होता ते सांगतात. पण गेले काही रविवार चित्र नीट दिसत नव्हतं. मामांचा चेहरा, मागची भिंत, खिडकी, सगळं हलायचं. मला वाटलं नेटवर्क. परवा मामी मधूनच म्हणाल्या, "अहो, दोन्ही हातांनी धरा की." मामा घाईघाईने म्हणाले, "इथं व्होल्टेज फार नाचतं हो जावईबापू. तो अक्काचा स्टॅबिलायझर तुमच्याकडे पडून आहे ना?"

मी चित्र नीट बघितलं. बायकोही स्क्रीनकडे बघत होती. मग मी म्हटलं, "घेऊन येतो. पुढच्या आठवड्यातच येतो. आणि बरोबर आठ इंची पण आणतोय. मला त्याचं पुन्हा टेस्टिंग करायचंय, आणि मामा, तुमच्यासारखा टेस्ट पीस मला इथे मिळणार नाही."

हलणाऱ्या चित्रात मामा आधी रागावले, मग हसायला लागले. "किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"ते आत्ता कसं सांगणार?" मी म्हटलं. "वारा असतो, कधी वही घरी राहते." मी रजा टाकली आहे. बॅगेत सोलापुरी चादरीत तो निळा डबा बांधला आहे, शेजारी दांडा ठेवला आहे, आणि विमानतळावर कोणी विचारलंच तर काय सांगायचं ते सासूबाईंनी मला फोनवर पाठ करून दिलं आहे.